गडगडाटात न्हाणारे ढोमणेकाका

आभाळात पहिली वीज कडाडली की शहाणी माणसं खिडक्या लावतात, दोरीवरचे कपडे आत घेतात, मुलांना हाका मारतात. आमच्या शेजारचे ढोमणेकाका अशा वेळी टॉवेल शोधायचे.

हे मी ऐकीव सांगत नाही. ज्या साली, म्हणजे पासष्टला, पाकिस्तानशी लढाई जुंपली, त्याच साली लग्न होऊन मी नागपूरहून जबलपूरला, खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आले. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपुढे छोटं अंगण आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या दाराची न्हाणी. दोन अंगणांच्या मध्ये छातीएवढी भिंत. अशा भिंतीपलीकडचं काही लपत नाही आणि लपवायचा कोणी फारसा प्रयत्नही करत नाही.

लग्नाला महिना होत आला असेल. संध्याकाळी आभाळ काळं झालं आणि एकदम कडाडलं. मी पडवीतून घरात पळणार, तोच भिंतीपलीकडून पुरुषाचा खणखणीत आवाज आला, अगदी भजनाच्या चालीवर.

"ग्वारीघाट, जमतरा, चारघाट, बरगी..."

पाठोपाठ बाईचा आवाज. तोही काही कमी नाही.

"अजी, बाहेर निघा म्हणते ना मी. जीव नको झाला का तुमाले? आख्खी कॉलनी घरात बसली, अन् या माणसाले आंघोळ सुचून राहिली."

"सुकरी, शिकारा, घनसौऽऽर..."

मी घाबरून ह्यांना हाक मारली. हे फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते, नुकतेच घरी येऊन चहा पीत होते. ते शांतपणे म्हणाले, "काका न्हाऊन राहिले. कुठवर आले?"

"घनसौर."

"मग नैनपूर यायचं आहे अजून. वेळ आहे."

ती जबलपूरहून गोंदियाला जाणाऱ्या छोट्या गाडीची स्टेशनं होती. ढोमणेकाका-काकू दोघं गोंदियाकडचे. काकांना गाणं एकच येत होतं, आणि ते म्हणजे घरी जायचा रस्ता. गोंदिया आलं की आंघोळ संपायची. वादळ लांबलं तर गाडी परत जबलपूरकडे निघायची.

काका बुटके, रुंद, पन्नाशीला आलेले. कान डोक्यापासून जरा बाजूला उभे. फॅक्टरीत दारूगोळा भरायच्या विभागात कामाला. काकू त्यांच्या अगदी उलट. भाजीवाल्याशी भाव करताना त्यांचा आवाज टोपलीच्या पलीकडे जायचा नाही, तो बिचारा "क्या बोलीं, माताजी?" म्हणत वाकायचा. मला पहिले काही दिवस वाटत होतं की वादळात ओरडणारी बाई कोणी वेगळी असावी, पाहुणी वगैरे. मुलगी बालाघाटला दिलेली, घरात ही दोघंच, हे कळल्यावर मी काकूंकडे नव्यानं बघायला लागले.

काकांची न्हाणी कॉलनीत प्रसिद्ध होती. सगळे बादली आणि लोट्यानं आंघोळ करणारे. काकांनी मात्र पितळी गडव्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडून तो पाइपाला जोडला होता. त्याला ते फवारा म्हणायचे. एरवी त्या फवाऱ्यातून रडणाऱ्या मुलाच्या डोळ्यांतून यावं तेवढंच पाणी यायचं. एकदा मी भिंतीवरून विचारलं, तेव्हा त्यांनी मला त्यामागचं शास्त्र समजावून सांगितलं.

"हे पाह्य, सूनबाई. सारी लाइन एका पाइपावर. सांजच्याला साऱ्यांचे नळ चालू, मग माझ्या वाट्याला काय येते? थेंब. पण एकदा कडाडलं, की ही भित्री जनता नळ बंद करून खाटेवर बसते. मग साऱ्या लाइनीचं पाणी या ढोमण्याच्या डोक्यावर. अशी आंघोळ राजालेबी भेटत नसंल."

मी नागपूरला बीएस्सी केलं होतं आणि लग्नानंतर त्याचा कोणालाच उपयोग नव्हता. मला स्फुरण चढलं. मी म्हटलं, "काका, पाइप लोखंडाचा आहे. तो थेट टाकीपर्यंत गेलाय. टाकीवर वीज पडली तर ती पाइपातून घरोघरी येईल. त्यात तुम्ही ओले, नळाला हात लावलेला. हे बरोबर नाही."

काकांनी परीक्षकासारखं सगळं ऐकून घेतलं.

"टाकीवर काहून पडेल?"

"उंच आहे म्हणून."

"मिश्राजीबी उंच हायेत. त्यांच्यावर कुठं पडली आजवर?"

त्या दिवसापासून मी त्यांची 'बीएस्सी' झाले. माझं नाव त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही.

मिश्राजी म्हणजे ढोमण्यांच्या पलीकडच्या बाजूचे शेजारी. फॅक्टरीच्या स्टोअरात होते आणि खरंच फार उंच होते. गडगडायला लागलं की ते आपल्या सगळ्या कुटुंबाला लाकडी तख्तावर पाय वर घेऊन बसवायचे. पंखा बंद, रेडिओची तार काढलेली, आणि वादळ जाईपर्यंत कोणी पाण्याचा पेलासुद्धा मागायचा नाही. पाऊस थांबला की ते काकांच्या दारात यायचे.

"ढोमणेजी, आप तो मरेंगे ही, हमारी पूरी लाइन का पानी भी बंद करवाएँगे."

"मिश्राजी, बिजली क्या मेरी सास है जो मैं उसको देख के नहाना छोडूँ?"

"और फॅक्टरी में? वहाँ तो घंटी बजते ही सबसे पहले बाहर भागते हैं आप."

हे मात्र खरं होतं. काकांच्या विभागात आभाळ गडगडलं की घंटा व्हायची. हातातलं काम जागच्या जागी ठेवून सगळ्यांनी शेडबाहेर पडायचं, दूरच्या बराकीत जाऊन बसायचं, आभाळ मोकळं झाल्याशिवाय परत फिरायचं नाही. काका तिथे पहिले उठायचे आणि मागे रेंगाळणाऱ्याला दंडाला धरून बाहेर काढायचे. ह्यांनी स्वतः पाहिलं होतं.

काका मिश्राजींना म्हणाले, "वहाँ मेरे साथ सबका जान है. यहाँ मैं मेरे बाप का हूँ."

त्यांचं हिंदी असं मराठीच्या पाटावर बसूनच जेवायचं. मिश्राजी मान हलवत परत गेले.

मग लढाई सुरू झाली. फॅक्टरीच्या पाळ्या लांबल्या. ह्यांचा चहा थंड व्हायचा आणि मी तो पुन्हा गरम करायची. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले, दिव्यांना पुठ्ठ्याची टोपरी घातली. ढोमणेकाका सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर घरी यायचे. स्फोटकांच्या भुकटीनं हात पिवळे झालेले, डोळे लाल. तरी भिंतीवरून विचारायचे, "काय बीएस्सी, आज वीज कुठं पडली?"

अशातच एका दुपारी जोराचं वादळ आलं. काका कामावर होते. मी घरात बसले होते आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. आभाळ फाटत होतं, पण पलीकडून आवाज नव्हता. स्टेशनं नव्हती ते ठीक, पण काकूही गप्प होत्या. त्यांची वाटी माझ्याकडे होती. ती घेऊन मी गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. काकू आतल्या खोलीत, गाद्यांच्या ढिगाला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. कानांवर हात. डोळे उघडे होते, पण मी समोर उभी राहिले ते त्यांना दिसलं नाही. प्रत्येक गडगडाटाला त्यांचं अंग असं हलत होतं की मागच्या गाद्या हलत होत्या. मी जवळ बसले, हात धरला. मी पाणी दिलं, ते सांडलं. रामरक्षा म्हणू का, विचारलं. त्यांना श्वासच पुरत नव्हता.

बऱ्याच वेळानं आवाज दूर गेला, तेव्हा त्या बोलल्या. त्यांच्या लहानपणची गोष्ट होती. धानाच्या बांधीतून, म्हणजे भाताच्या शेतातून, लहानगी काकू आणि तिचा भाऊ घरी येत होते. पाऊस आला म्हणून भाऊ मोहाच्या झाडाखाली पळाला. ती बैलांमागे होती, म्हणून मागे राहिली. "झाडाखालून त्यानं हात केला मले, ये म्हणून," काकू म्हणाल्या. "तेवढ्यातच."

मी सांडलेलं पाणी पुसून घेतलं. नंतर म्हटलं, "काका घरी असतात तेव्हा तर तुम्ही अशा नसता, काकू."

"तेव्हा कुठं वेळ असते भेव करायले?" काकू चिडून म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "इकडं कडाडलं की तिकडं हे न्हायले. मले इतका राग येते, इतका राग येते, की आभाळ फुटलं तरी ऐकू येत नाही."

बोलून त्या थांबल्या. मग त्या उठून गाद्या नीट रचायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी काका अंगणात फवाऱ्याची भोकं सुईनं साफ करत होते. मी भिंतीवरून सरळ विचारलं, "काका, तुम्ही काकूंसाठी न्हाता ना वादळात?"

त्यांनी मान वर केली नाही. "बायकोसाठी माणूस साडी आणते, बीएस्सी. आंघोळ आपली आपल्यासाठीच असते."

"काकूंना राग यावा म्हणून."

"तिले राग यायले माझी आंघोळ कशाले पाहिजे? मी नुसता दिसलो तरी येते." मग सुई कानामागे खोचून म्हणाले, "मी कोणालेच भिऊन न्हाणं सोडत नाही अन् कोणासाठी न्हातबी नाही. तू तुझी पोळी पाह्य, जळून राहिली."

पोळी खरंच जळत होती.

त्यानंतर काही दिवसांनी ते झालं. संध्याकाळ होती. काका त्या दिवशी लवकर सुटले होते. वादळ उठलं, पत्र्याचं दार वाजलं, गाडी ग्वारीघाटाहून निघाली. काकू पडवीतून सुरू झाल्या. मी माझ्या स्वयंपाकघरात होते आणि खरं सांगायचं तर मला त्या भांडणानं बरं वाटत होतं. काका शिकारा म्हणाले. त्याच क्षणी सगळं पांढरं झालं. आवाज असा आला की तो कानानं ऐकलाच नाही, जमिनीतून पायांना कळला. आमच्या मोरीतला नळ फटकन वाजला आणि त्याच्या तोंडाशी ठिणगी उडाली.

मग पलीकडून काहीच ऐकू येईना. काकांचं घनसौर नाही, काकूंचा शब्द नाही.

हे भिंतीवरून उडी मारून गेले. पलीकडून मिश्राजी आले. पाय वर घेऊन बसणारा तो माणूस त्या पावसात अनवाणी धावत आला. दोघांनी न्हाणीचं दार उपटून काढलं. काका भिंतीपाशी बसलेले, फवारा पाइपापासून तुटून कोपऱ्यात पडलेला, उजवा हात मेल्यासारखा मांडीवर. डोळे उघडे. मिश्राजींनी त्यांच्या अंगाभोवती चादर गुंडाळली. काकांनी आजूबाजूला बघितलं, मी भिंतीवरून डोकावत होते ते त्यांना दिसलं.

"बीएस्सी पास झाली," ते म्हणाले, आणि बेशुद्ध झाले.

मिश्राजींनी त्यांना पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत नेलं. 'मी तर बजावलं होतं' असं त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही, नंतरही कधी म्हटलं नाही.

वीज टाकीवर पडली होती. काका काही दिवसांनी घरी आले. हाताला मुंग्या राहिल्या आणि डाव्या कानानं कमी ऐकू यायला लागलं. त्यांच्या अंगावरून जाता जाता विजेनं आमच्या लाइनीचा पाइपही जागोजागी फाडला होता. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. "अब लड़ाई के बाद देखेंगे," म्हणाला. सगळी लाइन कोपऱ्यावरच्या सरकारी नळावरून पाणी वाहायला लागली. मिश्राजींचं भाकीत अर्धं खरं झालं होतं आणि काका त्याबद्दल रोज त्यांचं अभिनंदन करायचे.

काकू मात्र बोलत नव्हत्या. मला वाटलं होतं, काका घरी आले की त्या आकाशपाताळ एक करतील. तसं काही झालं नाही. त्या पाणी आणायच्या, स्वयंपाक करायच्या, काकांच्या हाताला तेल चोळायच्या, आणि डोक्यावरून एखादा काळा ढग गेला तरी पांढऱ्या पडायच्या. एकदा नुसता लांबून गडगडाट आला तर हातातलं ताट सुटलं. काका खाटेवरून ते बघत होते. त्यांनी ताट उचललं, सांडलेला भात भरला. काका काही न बोलण्याची माझ्या आठवणीतली ती पहिली वेळ.

मग एक दिवस ते भिंतीपाशी आले. "बीएस्सी, एक सांग. पाइप तुटला हाय, नळात पाणी नाही. अशा न्हाणीत माणूस बसला तर?"

"काका, न्हाणीत काहून बसायचं? घरात बसा, खाटेवर, मधोमध."

"उलटा प्रश्न नाही करायचा. उत्तर दे."

मी विचार केला. "पाइपाचा तुकडासुद्धा आत ठेवू नका. भिंतीला टेकू नका. अंग कोरडं, पायात काहीतरी पाहिजे. आणि खरं म्हणजे बसूच नका."

"शेवटचं नाही आलं ऐकू," काका म्हणाले. "हा कान गेला ना माझा."

त्या संध्याकाळी ते डाव्या हातानं करवत धरून न्हाणीतला पाइप कापत होते. मिश्राजींनी एक टोक धरलं होतं.

लढाई थांबल्याची बातमी आली होती, पण काचांवरचे काळे कागद अजून कोणी काढले नव्हते. परतीच्या पावसाचं वादळ होतं ते. उन्हं कलली आणि पश्चिमेकडून गडगडत आलं. मी पडवीत उभी राहिले. पलीकडे काकू आपल्या पडवीच्या खांबाला धरून उभ्या होत्या, ओठ मिटलेले, बोटं पांढरी. त्यांच्या मागून काका आले. टॉवेल दोरीवरून ओढून काकूंच्या खांद्यावर टाकला आणि अंगण ओलांडून गेले. नवीन बसवलेलं पत्र्याचं दार वाजलं.

"ग्वारीघाट..."

आवाज घोगरा झाला होता. काकू हलल्या नाहीत.

"जमतरा, चारघाट..."

वीज चमकली. काकूंनी डोळे मिटले. आतून आवाज चढला, "बरगी. ऐकून राहिली का? बरगी."

"अजी," काकू म्हणाल्या. मला जेमतेम ऐकू आलं.

"सुकरी."

"अजी, लाज कशी नाही वाटत तुमाले?" आता खांब सुटला होता. "एका वेळानं पोट नाही भरलं? हात गेला, कान गेला, आता काय डोकं द्यायचं हाय? मी त्या दवाखान्याच्या बाकड्यावर कशी बसली होती ते मले माहीत. अन् तुमी गाणे म्हणा. म्हणा."

"शिकाराऽऽ," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता.

मी भिंतीपाशी आले. न्हाणीच्या दाराखाली वीतभर फट होती. त्या फटीतून काकांचे पाय दिसत होते. पायांत फॅक्टरीचे बूट होते, नाड्या बांधलेले, आणि ते न्हाणीच्या मधोमध ठेवलेल्या लाकडी पाटावर जोडून ठेवले होते. खालची फरशी खडखडीत कोरडी होती.

मी काकूंकडे बघितलं. त्यांनाही तिथून तेच दिसत होतं. श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या आणि आपल्या नेहमीच्या, भाजीवाल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "नळाले पाणी नाही, हे मले माहीत नाही का, बाई? सकाळपासून मीच वाहून राहिली."

"मग?"

"मग काय. मी नाही ओरडली, तर एकटेच बसून राहतील ना अंदर."

डोक्यावर कडाडलं. काकूंचे खांदे वर गेले, पण त्या दाराकडे वळल्या होत्या. काकांच्या आईपासून सुरुवात करून त्यांनी ढोमण्यांच्या सगळ्या घराण्याचा हट्टीपणा काढला. गाडी नैनपूर, बालाघाट करत गोंदियाला पोचली, वादळ जात नव्हतं म्हणून परत फिरली, आणि बरगीच्या आसपास आभाळ शांत झालं.

दार उघडलं. काका बाहेर आले. बुशशर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केसांचा भांग जागच्या जागी. काकूंनी खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. काकांनी तो घेतला आणि आपलं कोरडं डोकं सावकाश, कानामागेसुद्धा, नीट पुसून काढलं.

"पाणी थंड तं नव्हतं?" काकूंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "चांगलं होतं."

मग दोघं जेवायला आत गेले.